जेनेटिक्स पाठ करून पास झालो, पण वॉर्डात त्याचं करायचं काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एक स्टाफ नर्स विचारतेय की तीन वर्षं ड्यूटी करतेय, कॉलेजात जेनेटिक्सचा पेपर होता, मेंडेलचे वाटाणे, डीएनएची शिडी सगळं घोकून पास झाले, पण पेशंटजवळ उभं राहिल्यावर त्यातलं काही लागतच नाही. आणि परवा सिकल सेलच्या (रक्ताचा आनुवंशिक आजार) एका पेशंटच्या बहिणीने रात्री अकराला विचारलं, "सिस्टर, मला पण होणार का हे?" तेव्हा तोंडातून शब्द फुटला नाही. तर नर्सला जेनेटिक्स नेमकं किती आणि कुठलं यायला पाहिजे?

मी बावीस वर्षं या कामात आहे, आधी लहान मुलांचा वॉर्ड, मग नवजात बाळांचा आयसीयू, आता रक्ताच्या आजारांचं डे केअर. माझं मत विचारशील तर ते वाटाणे विसरलीस तरी चालेल. आपल्याकडे जेनेटिक्स रिपोर्टमधून येत नाही, बोलण्यातून येतं. कोणीतरी सलाईन बदलताना सहज एक वाक्य टाकून जातं आणि ते आपण ऐकलं की नाही, लिहिलं की नाही, यावर पुढचं सगळं असतं. बाकी जीन कुठल्या क्रोमोसोमवर आहे ते शोधायला लोक आहेत.

याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण १९६० सालचं, मेलबर्नचं. एका २१ वर्षांच्या विद्यार्थ्याला गाडीने उडवलं, पायाचं हाड मोडून उघडी जखम झालेली. पण पोराला पायाची काळजी नव्हती, भुलीची होती. कारण त्याच्या नात्यातले दहा जण ईथरची भूल दिल्यावर गेले होते. आता खरं सांग, ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, नेताना पेशंट असं काही बोलला तर आपण काय म्हणतो? "घाबरू नका, काही होत नाही." तिथल्या डॉक्टरांनी किमान ऐकून तरी घेतलं, ईथर टाळून तेव्हा नवीन आलेलं हॅलोथेन दिलं, तरी दहाएक मिनिटांत बीपी पडलं, नाडी धावायला लागली, अंग तापलं. पण आधीच सावध असल्यामुळे भूल लगेच बंद केली, बर्फ लावला आणि मुलगा वाचला. नंतर डेनबरो नावाच्या डॉक्टरांनी त्याच्या घराण्याची वंशावळ काढली, ते लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, आणि मॅलिग्नंट हायपरथर्मिया, म्हणजे भुलीच्या औषधाने अंग जीवघेणं तापण्याचा आनुवंशिक आजार, असा जगापुढे आला. म्हणजे बघ, मशीन नव्हतं, टेस्ट नव्हती, एका घाबरलेल्या पोराचं एक वाक्य होतं.

म्हणून हिस्ट्री कशी घ्यायची यावर आधी बोलते, कारण इथेच आपण कमी पडतो. अ‍ॅडमिशनच्या फॉर्मवर एक रकाना असतो, फॅमिली हिस्ट्री, आणि आपण विचारतो "घरात कोणाला आनुवंशिक आजार आहे का?" आणि शंभरातले नव्याण्णव जण "नाही" म्हणतात, आपण "निल" लिहितो, संपलं. अगं त्यांना काय माहीत आनुवंशिक म्हणजे काय! त्यांना माहीत असतं की एक काका झोपेतच गेले, मावशीची दोन बाळं पोटात वारली, मामाला दात काढल्यावर दोन दिवस रक्त थांबलं नव्हतं. त्यामुळे प्रश्न त्यांच्या भाषेत विचारायचा. कमी वयात कोण गेलं, कशाने गेलं. झोपेत, पोहताना किंवा पळताना अचानक कोणी गेलं का. भूल दिल्यावर कोणाला त्रास झाला, उठायला फार वेळ लागला, असं झालंय का. एकूण दिवस किती वेळा गेले आणि मुलं किती राहिली, हा प्रश्न तर सोन्याचा आहे, कारण "मुलं किती" विचारलं की जिवंत तेवढीच सांगतात. आईवडील एकमेकांच्या नात्यातले आहेत का. कॅन्सर असेल तर कोणत्या वयात झाला, आणि हे वडिलांच्या बाजूलाही विचारायचं. स्तनाचा आणि अंडाशयाचा कॅन्सर म्हटलं की आपण आई, मावशी, आजी एवढ्यावर थांबतो, पण बीआरसीए जीनमधला बिघाड वडिलांकडूनही तितकाच येतो, आणि वडिलांना स्वतःला काहीच झालेलं नसतं म्हणून ती बाजू कोरी राहते.

वेळही बघायची. सगळं गणगोत बेडभोवती उभं असताना हे प्रश्न नकोतच, कारण पहिलं बाळ, आधीचं लग्न, गर्भपात या गोष्टी शेजारी बसलेल्या माणसालाही माहीत नसतात कधीकधी. स्पंजिंग करताना, ड्रेसिंगच्या वेळी, रात्री पेशंटला झोप लागत नसते तेव्हा माणसं बोलतात. पहिल्या दिवशी "नाही" म्हणालेली आई चौथ्या दिवशी आपणहून सांगते. म्हणून तो रकाना कायम उघडा ठेवायचा, नवीन काही कळलं की तारीख घालून जोडायचं.

आणि लिहिण्यापेक्षा काढ. तीन पिढ्यांची वंशावळ, पाच मिनिटांचं काम आहे. पुरुष चौकोन, बाई गोल, आजार असेल तर आतून भरायचा, वारलेल्यावर तिरकी रेघ, पोटातच गेलं तर छोटा त्रिकोण, नात्यातलं लग्न असेल तर जोडणारी रेघ दुहेरी, आणि ज्याच्यापासून सुरुवात केली त्याच्याकडे बाण. चित्र सुंदर यायची गरज नाही. पण कागदावर आलं की डोळ्यांना जे दिसतं ते चार ओळींच्या मजकुरात दिसत नाही. प्रत्येक पिढीत भरलेलं कोणीतरी आहे, बाई-पुरुष दोघंही आहेत, म्हणजे डॉमिनंटचा (जोडीतला एकच जीन बिघडला तरी आजार) संशय. एकाच पिढीत दोन-तीन भावंडं भरलेली आणि वर आईवडील रिकामे, म्हणजे रिसेसिव्ह (जोडीतले दोन्ही जीन बिघडले तरच आजार). फक्त मुलगे भरलेले आणि ते सगळे आईच्या बाजूने जोडलेले, म्हणजे एक्स-लिंक्ड (बिघाड एक्स क्रोमोसोमवर). नक्की काय ते टेस्ट सांगेल, पण "सर, ही वंशावळ एकदा बघाल का" एवढं म्हणायला हे पुरतं.

टक्क्यांचं म्हणशील तर चारच गोष्टी पक्क्या ठेव. डॉमिनंटमध्ये बाधित आई किंवा वडिलांकडून प्रत्येक मुलाला ५० टक्के. रिसेसिव्हमध्ये आईवडील दोघं कॅरिअर (बिघडलेला एक जीन आहे, पण आजार नाही) असतील तर प्रत्येक वेळी २५ टक्के आजार, ५० टक्के नुसतं कॅरिअर, २५ टक्के काहीच नाही. एक्स-लिंक्डमध्ये आई कॅरिअर असेल तर निम्मे मुलगे बाधित आणि निम्म्या मुली कॅरिअर होण्याची शक्यता, आणि बाधित वडिलांच्या सगळ्या मुली कॅरिअर पण मुलग्यांकडे ते जात नाही. माइटोकाँड्रियाच्या (पेशीतले ऊर्जा तयार करणारे भाग) स्वतःच्या डीएनएमधल्या बिघाडाचे आजार फक्त आईकडून. आणि "प्रत्येक वेळी" हा शब्द ठासून सांगायचा, कारण "एकाला झालंय, चारातला एक होऊन गेला, आता पुढचे तीन सेफ" असा हिशेब मी इतक्यांदा ऐकलाय की काय सांगू, शिकलेली माणसंही करतात. दुसरा गैरसमज म्हणजे "आमच्या घराण्यात कोणालाच नाही, मग आनुवंशिक कसं". हिमोफिलियाच्या (रक्त नीट गोठत नाही तो आजार) साधारण एक तृतीयांश केसेसमध्ये घरात आधी कोणीच नसतं, बिघाड नव्यानेच झालेला असतो. ड्युशेनमध्येही (मुलांचे स्नायू कमजोर होत जातात तो आजार) जवळपास तसंच.

आता बेडसाइड. सिकल सेलपासून सुरू करते, कारण तुझा प्रश्न तिथलाच आहे आणि माझी पहिली मोठी चूकही तिथलीच आहे. नोकरीचं पहिलं वर्ष, दहा-अकरा वर्षांचा मुलगा, गुडघा सुजलेला, मी आपली मायेने बर्फाची पिशवी आणून ठेवली, सूज आहे ना मग थंड लावायचं. सिनियर सिस्टर आल्या, काही न बोलता पिशवी उचलली आणि मग बाजूला नेऊन समजावलं. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, रक्त तिथे रेंगाळतं, ऑक्सिजन कमी पडतो आणि आधीच विळ्यासारख्या होणाऱ्या पेशी अजून अडकतात. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागेवर एक अमिनो अ‍ॅसिड बदललंय, ग्लुटामिक अ‍ॅसिडच्या जागी व्हॅलिन, बस एवढंच, आणि त्यामुळे त्या पोराला बर्फ चालत नाही, शेक चालतो. पेपरात लिहिलेलं सहावं स्थान मला त्या दिवशी कळलं.

सिकलच्या दुखण्यावर विश्वास ठेवायचा. पोरगं मोबाईलवर गेम खेळतंय, नाडी नॉर्मल आहे आणि म्हणतंय दहापैकी नऊ दुखतंय, तर नऊच लिहायचं. जन्मापासून दुखणं काढलेली माणसं रडत नाहीत, ती स्वतःला कशात तरी गुंतवून घेतात. "नाटक करतोय, इंजेक्शनची सवय लागलीय" हे वाक्य हँडओव्हरमध्ये ऐकलं की माझं डोकं फिरतं. क्रायसिसमध्ये, म्हणजे दुखण्याचा झटका घेऊन, आल्यावर वेदनाशामकाचा पहिला डोस तासाच्या आत गेला पाहिजे आणि मग अर्ध्या-एक तासाने परत विचारून बघायचं. ताप ३८.५ च्या वर गेला तर तो साधा ताप समजायचा नाही, कारण यांची स्प्लीन (प्लीहा) लहानपणीच निकामी होत जाते आणि इन्फेक्शन तासांत हाताबाहेर जातं. छातीत दुखणं, दम, ऑक्सिजन खाली येणं, असं काही दिसलं तर लगेच फोन, सकाळच्या राउंडची वाट बघू नकोस. आणि बरगड्या दुखतात म्हणून पोरं खोल श्वास घेत नाहीत, तर जागेपणी दर दोन तासांनी स्पायरोमीटरचे (खोल श्वासाचा व्यायाम करायचं साधन) दहा श्वास करून घ्यायचे. हे पूर्ण आपल्या हातातलं काम आहे आणि त्याने चेस्ट सिंड्रोम, म्हणजे सिकलमधला फुप्फुसांचा गंभीर त्रास, टळायला मदत होते. लहान बाळांच्या आईवडिलांना पोटाला हात लावून स्प्लीन कशी चाचपायची ते डिस्चार्जआधी शिकवायचं, कारण ती अचानक मोठी झाली तर अंगातलं रक्त तिथेच साठतं.

थॅलेसेमियात (हिमोग्लोबिन नीट बनत नाही म्हणून सतत रक्त चढवावं लागतं) मला सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट म्हणजे एक साधा हिशेब, तो मी पोरांनाही करून दाखवते. रक्ताच्या एका पिशवीतून साधारण २०० मिलिग्रॅम लोह अंगात जातं. महिन्याला दोन पिशव्या धरल्या तर वर्षाला जवळपास पाच ग्रॅम. निरोगी मोठ्या माणसाच्या अख्ख्या शरीरात तीन-चार ग्रॅम असतं, आणि जास्तीचं बाहेर टाकायची सोय शरीरात नाहीच, दिवसाला एक-दोन मिलिग्रॅम जातं तेवढंच. मग ते हृदयात, लिव्हरमध्ये, ग्रंथींमध्ये जाऊन बसतं. हे आकडे ऐकल्यावर पंधरा-सोळा वर्षांची पोरं गप्प होतात, कारण याच वयात लोह बाहेर काढणाऱ्या गोळ्या बंद करायची हुक्की येते, रोज रोज कंटाळा येतो त्यांना, आणि नुसतं "गोळ्या घे रे" म्हणून काही होत नाही. आणि नुसता कॅरिअर असलेला माणूस वेगळा, त्याचं हिमोग्लोबिन थोडं कमी, पेशी बारीक, आणि वर्षानुवर्षं कोणीतरी लोहाच्या गोळ्या लिहून देतंय. लोह कमी आहे का ते तपासल्याशिवाय गोळ्या चालूच राहतात. गरोदर बाईचा असा रिपोर्ट हातात आला तर एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी तपासणी) झालंय का आणि नवऱ्याचंही झालंय का, एवढं विचारायला आपल्याला कोणाची परवानगी लागत नाही.

हिमोफिलियाचं थोडक्यात सांगते. मसलमध्ये इंजेक्शन नाही, अ‍ॅस्पिरिन नाही, सुई काढल्यावर किमान पाच मिनिटं दाब, आणि डोक्याला मार असेल तर फॅक्टर (रक्त गोठवणारा घटक) आधी, सीटी स्कॅन नंतर. पेशंट म्हणाला "आत ब्लीड सुरू झालंय" आणि सूज दिसत नाही तरी त्याचं खरं धरायचं, सांध्यात मुंग्या येतात, कोमट वाटतं, त्यांना सूज यायच्या आधी कळतं. फॅक्टरची बाटली हलवून फेस करायचा नाही, हातावर फिरवायची. आणि कॅरिअर बायका म्हणजे नुसत्या कॅरिअर असं समजू नकोस, त्यांच्यातल्या काहींचा फॅक्टर इतका कमी असतो की बाळंतपणात जास्त रक्त जातं. बाळ मुलगा असण्याची शक्यता असेल तर व्हॅक्यूम, फोर्सेप्स टाळायचे असतात, म्हणजे ही गोष्ट लेबर रूमला आधी माहीत पाहिजे, बाळ झाल्यावर नाही.

नवजात बाळांचं मात्र जरा थांबून सांगते, कारण तिथे मी वाक्य ऐकलं म्हणून बाळ वाचलेलं पाहिलंय, आणि ऐकलं नाही म्हणून गेलेलंही. चित्र असं असतं की बाळ जन्मतः छान, रडलं, दूध प्यायलं, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दूध सोडतं, सुस्त होतं, श्वास जोरात. सगळे म्हणतात सेप्सिस (रक्तात पसरलेलं इन्फेक्शन), आणि बहुतेक वेळा सेप्सिसच असतो, अँटिबायोटिक चालू होतात, ते बरोबरच आहे. पण आई हळूच म्हणते, "आधीचंही असंच तिसऱ्या दिवशी गेलं." हे वाक्य आलं की पायातली चप्पल हातात घेऊन पळायचं. दूध पचताना जी प्रोटीन्स सुटतात त्यांची विल्हेवाट लावणारं एन्झाइम नसेल तर अमोनिया साठतो. पोटात असताना ते काम आईचं शरीर करत होतं म्हणून बाळ जन्मतः ठीक असतं. डॉक्टरांना सांगितल्यावर पहिली टेस्ट अमोनियाची असेल, आणि तो सॅम्पल आपल्या हातून बिघडतो: टूर्निकेट आवळून ठेवलं, हात पिळला, रूम टेम्परेचरला अर्धा तास पडून राहिला, की आकडा खोटा वाढतो. मोकळ्या वाहत्या रक्ताचा घ्यायचा, बर्फात ठेवायचा आणि लॅबला फोन करून स्वतः पोचवायचा किंवा धावत पाठवायचा.

याच्यावरून नॉर्वेतली ती आई आठवते, बोर्गनी एगेलांड. दोन मुलं, दोघांची बौद्धिक वाढ खुंटलेली, आणि त्यांच्या लघवीला विचित्र वास येतो हे ती डॉक्टरांमागून डॉक्टरांना सांगत फिरली, कोणी मनावर घेईना. १९३४ मध्ये आस्ब्यॉर्न फोलिंग यांनी ती लघवी तपासली, फेरिक क्लोराइड टाकल्यावर हिरवा रंग आला, आणि पीकेयू, म्हणजे प्रोटीनमधला एक घटक न पचल्याने मेंदूला इजा करणारा आजार, सापडला. तिच्या मुलांसाठी तेव्हा उशीर झालेला होता. पण आज टाचेतून रक्ताचे चार थेंब घेऊन जे स्क्रीनिंग करतो त्याची सुरुवात पीकेयूपासूनच, १९६० च्या दशकात गथ्रींनी काढलेल्या पद्धतीने. तर ते चार थेंब नीट घे बाई. बाळ २४ तासांचं झाल्यावर, शक्यतो ४८ ते ७२ तासांत. टाचेच्या कडेला टोचायचं, मधोमध नाही. पहिला थेंब पुसून टाकायचा, एका गोलात एकच थेंब, वर दुसरा थापायचा नाही, कागद आडवा ठेवून सावलीत तीन-चार तास वाळवायचा. आणि बाळाला रक्त चढवायचं असेल तर सॅम्पल त्याआधी, कारण नंतर दात्याचं हिमोग्लोबिन तपासलं जाईल.

सॅम्पलचा विषय निघालाच आहे तर माझी दुसरी चूक पण सांगून टाकते. एका बाळाचं कॅरिओटाइप पाठवायचं होतं, शनिवार संध्याकाळ, लॅब बंद, मी ट्यूब फ्रीझरमध्ये ठेवली, म्हटलं जपून राहील. सोमवारी फोन आला, पेशी मेल्यात, परत पाठवा. कॅरिओटाइपला जिवंत पेशी लागतात, त्या वाढवून मग क्रोमोसोम मोजतात, म्हणून हेपरिनची हिरवी ट्यूब आणि फ्रीझिंग अजिबात नाही. डीएनए टेस्टला ईडीटीए चालते. ते आईवडील तान्ह्या बाळाला घेऊन परत आले, बाळाला परत टोचलं, आणि रिपोर्टसाठी पुन्हा वाट बघणं आलंच. कोणी मला ओरडलं नाही, तेच जास्त लागलं. आणि हे विचारतेस तर अजून एक, ज्याचं बोनमॅरो ट्रान्सप्लांट झालंय त्याच्या रक्तातला डीएनए दात्याचा असतो, फॉर्मवर ते लिहिलं नाही तर रिपोर्ट दुसऱ्याच माणसाचा येतो.

औषधांच्या बाबतीत आपण शेवटचा हात असतो, म्हणून हे चार-पाच डोक्यात असू देत. जी६पीडी (लाल पेशींना जपणारं एन्झाइम) कमी असेल तर प्रायमाक्विन, डॅप्सोन, रासब्युरिकेज, मिथिलीन ब्लू धोक्याचे, लघवी काळपट लाल आली की समजायचं पेशी फुटतायत. आणि नेमकं त्याच वेळी केलेली जी६पीडी टेस्ट नॉर्मल येऊ शकते, कारण जुन्या पेशी फुटून गेलेल्या असतात आणि नव्या पेशींत एन्झाइम भरपूर असतं, म्हणून ती तीनेक महिन्यांनी परत करतात. जेन्टामायसिन, अमिकॅसिन द्यायच्या आधी आईकडच्या नात्यात कोणाला इंजेक्शननंतर बहिरेपण आलंय का हे विचार, माइटोकाँड्रियातल्या एका बदलामुळे योग्य डोसनेही कान कायमचे जातात. कोडीन हे वेदनाशामक काहींच्या शरीरात फार वेगाने मॉर्फिन होतं, टॉन्सिलच्या ऑपरेशननंतर मुलं श्वास थांबून गेली आहेत, म्हणून बारा वर्षांखाली ते देत नाहीत. कार्बामाझेपिन (फिटवरचं औषध) नव्याने सुरू झालंय आणि अंगावर पुरळ, तोंडात फोड, तर पुढचा डोस थांबवून आधी फोन. आणि घरात कोणी अचानक गेलंय, पेशंटला घाबरल्यावर किंवा पळताना "फिट" येते, अशांचा ईसीजी बघितल्याशिवाय ओन्डान्सेट्रॉन, अझिथ्रोमायसिन, हॅलोपेरिडॉल एकावर एक चढवू नये, लाँग क्यूटी (हृदयाची लय अचानक बिघडवणारा आनुवंशिक आजार) असू शकतो, पोटॅशियम कुठे आहे तेही बघ.

ओटी-रिकव्हरीवाल्यांसाठी अजून एकच. मॅलिग्नंट हायपरथर्मियात ताप उशिरा येतो, आधी कार्बन डायऑक्साइड चढतो, जबडा आवळतो, नाडी धावते. आणि त्यावरचं औषध डॅन्ट्रोलीन, त्याची जुनी २० मिलिग्रॅमची बाटली ६० मिली स्टराइल वॉटरमध्ये मिसळावी लागते, ७० किलोच्या माणसाला पहिल्याच डोसला नऊ बाटल्या, विरघळायलाही वेळ घेतात, म्हणजे तीन-चार जणींनी नुसतं तेच करायचं. बाटल्या कुठे ठेवल्यात हे आजच जाऊन बघून ये.

आता अवघड भाग, बोलणं. रिपोर्ट आला की बेडजवळ पहिला प्रश्न विज्ञानाचा नसतो, "कोणामुळे?" हा असतो. एक्स-लिंक्ड आजारात आईवर सगळं येतं, आणि ती स्वतःही स्वतःला खात असते. मी सांगते की आपल्या प्रत्येकात, माझ्यात, तुमच्यात, डॉक्टरांमध्येसुद्धा काही बिघडलेले जीन असतात, जोडी जुळत नाही म्हणून दिसत नाहीत, आणि कुठला जीन द्यायचा ते कोणी ठरवत नाही. हे एकदा सांगून भागत नाही, तीन-चार वेळा, वेगवेगळ्या दिवशी सांगावं लागतं, आणि शक्यतो घरात जो बोट दाखवतोय त्याच्यासमोर. "दोष" हा शब्द मी वापरायचा सोडलाय, "बदल" म्हणते. "खराब जीन" पण नाही.

रिपोर्ट ज्याचा त्याचा. पेशंटचा भाऊ आपलाच माणूस असला, काळजीने विचारत असला, तरी पेशंटला विचारल्याशिवाय सांगायचं नाही. उलट पेशंटलाच म्हणायचं की तुमच्या भावंडांनाही हे कळणं फायद्याचं आहे, तुम्ही सांगाल का, सांगायला मदत हवी का. वंशावळीत कधी असंही कळतं की वडील म्हणून लिहिलेला माणूस जैविक वडील नाही. ते उघड्या केसपेपरवर अजिबात नाही, थेट डॉक्टर किंवा काउन्सेलरला, बंद खोलीत. रिपोर्टमध्ये "अनिश्चित महत्त्वाचा बदल" असं काही लिहून आलं तर त्याचा अर्थ आपण लावायचा नाही, तो "पॉझिटिव्ह" नाही, आणि वॉर्डात पॉझिटिव्ह म्हणून पसरला की परत गोळा करता येत नाही.

आणि काहींना जाणून घ्यायचंच नसतं, हे मला पचायला वेळ लागला. हंटिंग्टनचा (मेंदू हळूहळू निकामी करणारा आजार) जीन १९९३ मध्ये सापडला, टेस्ट आहे, पण आजार थांबवणारं औषध नाही, आणि बाधित माणसाच्या मुलांना ५० टक्के शक्यता, लक्षणं बहुतेक तिशी ते पन्नाशीत. एका पेशंटची मुलगी वडिलांना भरवायला रोज यायची, घास लहान, दाट, बसवून, हनुवटी खाली, सगळं माझ्यापेक्षा नीट करायची, आणि टेस्ट करणार नाही म्हणाली. मी तरुण असताना तिला पटवायला गेले असते. आता फक्त एवढं सांगितलं की कधी विचार बदलला तर काउन्सेलिंग आधी होतं, टेस्ट नंतर, आणि मधल्या कुठल्याही टप्प्यावर "नको" म्हणता येतं. तिच्या लहान मुलाची टेस्ट करा असं घरचे म्हणत होते, ते होत नाही, लहानपणी ज्यावर काही करता येत नाही असा मोठेपणी येणारा आजार मुलांमध्ये तपासत नाहीत, तो निर्णय ते मूल मोठं होऊन घेईल.

तर तुझी ती बहीण. मी असते तर आधी खुर्ची घेऊन बसले असते, कारण उभ्याने दिलेलं उत्तर टाळल्यासारखं वाटतं. मग विचारलं असतं की तुला नक्की कशाची भीती वाटतेय, कारण "मला होणार का" मध्ये कधी स्वतःचा आजार असतो, कधी लग्न, कधी पोटातलं बाळ. मग सांगितलं असतं की सिकलचा त्रास बहुतेक लहानपणीच, पहिल्या काही वर्षांत दिसायला लागतो, तू एवढी मोठी झालीस आणि ठणठणीत आहेस म्हणजे भावासारखा आजार असण्याची शक्यता कमी आहे, पण भावाला आहे म्हणजे आईवडील दोघं बहुतेक कॅरिअर आहेत, आणि तुला आजार नसेल तर तू कॅरिअर असण्याची शक्यता तीनपैकी दोन. चारातला आजारी असलेला पर्याय वगळला की उरतात तीन, त्यातले दोन कॅरिअर, बोटांवर मोजून दाखवायचं. कॅरिअर म्हणजे आजारी नाही, पण जोडीदारही कॅरिअर निघाला तर मुलांचा प्रश्न येतो, एक रक्ताची तपासणी आहे, करायची की नाही आणि कधी हे तू ठरव. आणि काही आठवलं नसतं तर "मला नक्की माहीत नाही, पण ज्यांना माहीत आहे त्यांच्याशी तुझी गाठ घालून देते" हेही उत्तर चालतं, फक्त मग ती गाठ खरंच घालून द्यायची.

भावाच्या नोट्समध्ये तिचं काहीच लिहू नकोस, तो पेशंट आहे, ती नाही. सकाळच्या हँडओव्हरला मात्र सांग की पेशंटच्या बहिणीने स्वतःच्या टेस्टबद्दल विचारलंय, तिची हरकत नाही, काउन्सेलरला आज फोन करायचा आहे, आणि कोण करणार ते नाव घेऊन ठरवून मगच घरी जा.